मोटरहोममधून मराठवाडा फिरताना नेट कसे टिकवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना मोटरहोममध्ये किंवा कॅम्परव्हॅनमध्ये राहून काम करायचे आहे, मुलांचे ऑनलाईन क्लास चालवायचे आहेत किंवा निदान घरच्यांशी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोलायचे आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे आठही जिल्ह्यांतली आहेत, कारण इथली जमीन, इथली वीज आणि इथल्या यात्रा यांचा नेटशी थेट संबंध येतो.

मराठवाड्यात गाडीत राहून ऑफिसचे काम खरेच होते का?

होते. जिल्ह्याची आणि तालुक्याची गावे, मोठी तीर्थक्षेत्रे आणि हमरस्त्यांवरची गावे इथे बहुतेक वेळा काम भागते. धुळे-सोलापूर महामार्गाने संभाजीनगर, बीड, धाराशिव केले किंवा तुळजापूरहून लातूरमार्गे नांदेड गाठले, तर नेटची फारशी काळजी करावी लागत नाही. अडचण येते ती रस्ता सोडून आत शिरल्यावर. बालाघाटाच्या दऱ्या, गौताळ्याचे जंगल, अजिंठ्याची डोंगररांग, माहूर-किनवटचा वनपट्टा या भागांत एका वळणावर चांगली रेंज असते आणि पुढच्या वळणावर शून्य.

म्हणून एक नियम पाळा: कामाच्या दिवशी मुक्कामाची जागा नेट बघून ठरवायची, सुट्टीच्या दिवशी निसर्ग बघून. दोन्ही एकाच जागी हवे असा हट्ट धरला की दोन्ही हातचे जाते. नेटवर केलेल्या खर्चापेक्षा गाडी कुठे लावली याचाच परिणाम जास्त होतो. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख त्याच गोष्टीवर आहे.

सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे?

एकाच कंपनीचे नाव सांगणारा सल्ला ऐकू नका. औशात जे सिम पळते ते किनवटला पळेलच असे नाही. किमान दोन वेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. एकाच कंपनीची दोन घेऊन काहीच साधत नाही, कारण टॉवर बसला की दोन्ही एकदमच बसतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकाच लोखंडी मनोऱ्यावर दोन-तीन खाजगी कंपन्यांची यंत्रे असतात. मनोऱ्याची वीज गेली की त्या सगळ्या एकत्र जातात. म्हणून दोन खाजगी सिमच्या जोडीला तिसरे बीएसएनएलचे ठेवावे. त्यांचे बरेच टॉवर स्वतःचे, वेगळ्या जागी असतात. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्यात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या जातात. या लहरी दूर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत मोबाईल जोडण्या घेता येतात, तेव्हा तिसऱ्या सिमला नियमाची आडकाठी नाही.

देगलूर, उदगीर, उमरगा, किनवट या सीमेवरच्या पट्ट्यात फोन कधी तेलंगणाचा, तर कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो. देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, पण काही फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’चे बटण बंद असेल तर रेंज दिसूनही नेट चालत नाही. ते बटण आधीच चालू करून ठेवा. राऊटरच्या सेटिंगमध्येही तेच बघा.

जायच्या आधी रेंजचा अंदाज कसा घ्यायचा?

सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर तुमच्या ठिकाणाजवळ कोणत्या कंपनीचे टॉवर आहेत ते दिसते. कंपन्यांचे स्वतःचे व्याप्तीचे नकाशेही असतात. हे सगळे घरून निघताना बघावे, पण त्यावर विसंबून रात्री नऊला अनोळखी माळावर गाडी घालू नये. नकाशाला मधली टेकडी कळतेच असे नाही.

गावात पोचल्यावर खरी माहिती माणसांकडून मिळते, फक्त कोणाला विचारायचे ते ठाऊक हवे. रेशन दुकानदाराला विचारा. त्याच्या ई-पॉस मशीनवर ग्राहकाचा अंगठा उमटल्याशिवाय त्याला सहसा धान्य देता येत नाही आणि मशीनला नेट लागते. कोणते सिम चालते आणि मशीन उंबऱ्यावर धरावे की ओट्याच्या कोपऱ्यावर, हे त्याला तोंडपाठ असते. शाळेतले गुरुजी रोज ऑनलाईन माहिती भरतात, आशाताई अ‍ॅपवर नोंदी करतात, ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक दाखले काढतो. या चौघांपैकी दोघांनी एकाच कंपनीचे नाव घेतले, तर त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तांड्यावर किंवा शिवारातल्या वस्तीवर ‘रेंज कुठं येते?’ एवढेच विचारा. प्रत्येक वस्तीची ठरलेली जागा असते: मारुतीच्या पारावर, पाण्याच्या टाकीखाली, विहिरीच्या थारोळ्याशी. संध्याकाळी पोरे मोबाईल घेऊन एकाच कट्ट्यावर दाटीवाटीने बसलेली दिसली, तर गाडी त्याच बाजूला लावायची परवानगी मागा.

फुल रेंज दिसते, तरी पान उघडत नाही. असे का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे दोन-तीन आहेत.

फोनवरच्या दांड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. सिग्नल किती स्वच्छ आहे आणि टॉवरवर किती गर्दी आहे, हे त्यांतून कळत नाही. फोनच्या ‘सिम स्टेटस’मध्ये किंवा राऊटरच्या पानावर ‘आरएसआरपी’ हा सिग्नलच्या जोराचा आकडा मिळतो. तो उणे असतो. उणे ८५ किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत काम चालते, उणे ११० च्या पलीकडे व्हिडिओ कॉलचा नाद सोडावा. दुसरा आकडा ‘एसआयएनआर’ म्हणजे स्वच्छतेचा. तो १५-२० च्या वर असेल तर छान, पाचच्या खाली गेला की दांड्या भरलेल्या असूनही नेट रखडते. यात्रेच्या गलक्यात शेजारचा माणूस मोठ्याने बोलला तरी शब्द कळत नाहीत, तसेच टॉवर आणि फोनचे होते.

यातूनच एक अनपेक्षित गोष्ट निघते: डोंगराचा अगदी माथा ही नेहमीच चांगली जागा नसते. म्हैसमाळसारख्या उंच सपाटीवर किंवा नाथसागराच्या मोकळ्या काठावर फोनला दहा दिशांचे टॉवर एकदम ‘दिसतात’, त्यांचा एकमेकांत अडथळा होतो आणि फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो. अशा वेळी गाडी थोडी खाली, माथ्याच्या एका अंगाला घ्या. मागचे टॉवर डोंगराआड जातात, समोरचा एकच स्वच्छ मिळतो. पाच-पन्नास मीटर सरकल्याने पडणारा फरक महागड्या राऊटरनेही पडत नाही.

दरीत मात्र उलटे. सौताड्याच्या दरीत उतरलात की फोन आणि टॉवर यांच्यामध्ये अख्खा डोंगर येतो. अजिंठ्याची लेणी तर वाघूर नदीच्या नालेच्या आकाराच्या घळीत, कठीण बेसाल्टमध्ये कोरलेली. तशीही खाजगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवून पुढचे चारेक किलोमीटर बसनेच जावे लागते, तेव्हा ऑफिसची कामे टी-पॉइंटला उरकून मगच बसमध्ये बसा.

तिसरे कारण ५जीचे. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा वेग दांडगा, पण पल्ला कमी. गावाच्या कडेला फोन लांबच्या अशक्त ५जीला चिकटून बसतो. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ४जी निवडा, बऱ्याचदा लगेच सुरळीत होते.

गाडीच्या बाहेर रेंज आहे, आत आले की जाते. काय करावे?

गाडीचा पत्रा हेच कारण. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून लहरी आत येत नाहीत, खिडक्यांतून जेवढ्या येतात तेवढ्याच. फायबरच्या बॉडीत हा त्रास कमी. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या पत्र्याच्या गाड्यांत मात्र ठळक जाणवतो. काचांवर धातूची छटा असलेली उन्हाची फिल्म लावली असेल तर आणखीच.

पहिला उपाय फुकटचा आहे. फोन टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा आणि वायफायने लॅपटॉपला जोडा. दुसरा उपाय म्हणजे टपावर बाहेरची अँटेना लावून तिची केबल राऊटरला देणे. त्यात तीन गोष्टी बघा. राऊटरला बाहेरच्या अँटेनाची दोन तोंडे हवीत, कारण ४जी दोन अँटेनांवर मिळून चालते. केबल आखूड आणि चांगल्या प्रतीची हवी. बारीक आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त सिग्नल खाते. सात मीटर केबल ओढली तर निम्म्याहून अधिक कमाई वाटेतच संपते. आणि टपाचे भोक नीट बुजवा. मृगाच्या पहिल्या सरीला तिथूनच पाणी गळते.

मग सरळ सिग्नल बूस्टरच लावला तर?

लावू नका. परदेशातल्या मोटरहोमवाल्यांचे व्हिडिओ बघून बरेच जण तो मागवतात, पण भारतात खाजगी व्यक्तीने मोबाईल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणे आणि वापरणे बेकायदा आहे. तो लहरी नुसत्या घेत नाही, पुन्हा फेकतो आणि त्यामुळे आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडतात. ज्या वस्तीच्या पाहुणचारावर तुम्ही मुक्काम केलात, तिचीच रेंज तुमच्यामुळे बिघडेल. दूरसंचार विभाग अशी यंत्रे जप्त करतो. बाहेरची साधी अँटेना स्वतः काही वाढवून फेकत नाही, त्यामुळे तिला हा आक्षेप लागू होत नाही.

फोनचा हॉटस्पॉट पुरे की राऊटर घ्यायचा?

चार-आठ दिवसांच्या फेरफटक्याला हॉटस्पॉट पुरे. लॅपटॉपला फोन यूएसबी केबलने जोडलात तर फोन चार्जही होतो आणि नेटही जास्त स्थिर राहते.

महिनोन्‌महिने फिरणाऱ्याने दोन सिमचा ४जी राऊटर घ्यावा. एक सिम पडले की तो आपोआप दुसऱ्यावर जातो. त्यात बँड (म्हणजे लहरींचे पट्टे) १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ आहेत का ते खरेदीआधी तपासा. अमेरिकेतून कोणी आणून दिलेला राऊटर नवाकोरा असला तरी इथले बँड त्यात नसतील तर उपयोग नाही. दोन्ही सिम एकाच वेळी एकत्र जोडणारे राऊटरही मिळतात. ते महाग असतात आणि ज्याचा कॉल क्षणभरही तुटून चालत नाही त्यालाच परवडतात.

स्टारलिंकची डिश टपावर लावता येईल का?

उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याबरोबर इरादापत्रावर सही केली. पण तुमच्या नावावर रीतसर भारतीय जोडणी असल्याशिवाय डिश वापरू नका. दुबईहून आणलेली डिश किंवा परदेशी पाहुण्याचा थुराया, इरिडियमसारखा उपग्रह फोन परवानगीविना जवळ सापडला, तर पोलीस ठाण्यात बसावे लागते. पाहुण्यांना विमानात बसण्याआधीच हे कळवा.

रोज किती डेटा लागतो?

ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि थोडे वाचन एवढेच असेल तर दिवसाचा एक जीबीही जास्त होतो. बैठकीचा व्हिडिओ कॉल तासाला साधारण एक जीबी घेतो, एचडी केला तर त्याहून जास्त. म्हणजे दोन जीबी रोजचा प्लॅन दोन बैठकांत संपतो, त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यावर कॉल चालत नाही. दुसऱ्या सिमवर रोजच्या मर्यादेऐवजी एकरकमी डेटाचे पॅक ठेवले की अशा दिवशी कामी येते. बैठकीत कॅमेरा बंद ठेवला तरी बराच डेटा वाचतो. दर तासाला वेग मोजत बसू नका, एकेका चाचणीत शंभर एमबी सहज जातात. मोजायचाच असेल तर अपलोडकडे लक्ष द्या. दोन-तीन एमबीपीएस अपलोड सलग मिळत असेल तर कॉल नीट होतो.

राऊटर गाडीच्या बॅटरीवर चालवला तर बॅटरी उतरेल का?

दहा वॉटचा राऊटर दिवसरात्र चालला तर १२ व्होल्टवर साधारण २० अ‍ॅम्पिअर-तास लागतात. गाडीत घरगुती वापरासाठी बसवलेल्या वेगळ्या १०० अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीला हे जड नाही. इंजिन चालू करण्याच्या बॅटरीवर मात्र कधीच चालवू नका. इन्व्हर्टर लावून त्यात राऊटरचा अडॅप्टर घालणे ही उधळपट्टी आहे, इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच वीज खातो. राऊटर थेट डीसीवर जोडा, फक्त मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर हवा. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जाते.

लाईट गेली की थोड्या वेळाने रेंजही का जाते?

टॉवरही विजेवरच चालतो. लाईट गेली की तो बॅटरीवर येतो आणि बॅटरी संपली की जनरेटरवर, तिथे डिझेल असेल तर. म्हणून लाईट गेल्यागेल्या सगळे ठीक असते आणि काही तासांनी अचानक फोन मुका होतो. वळवाच्या वादळात खांब पडले की दिवसभर लाईट येत नाही. अशा संध्याकाळी पहिल्या तासातच महत्त्वाच्या फाईल पाठवून टाका.

शेतात मुक्काम असेल तर शेतकऱ्याला एक गोष्ट विचारून घ्या: शेताची थ्री-फेज लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री? मोटारीची वीज पाळीने येते. त्या बोर्डावर तुमचे चार्जिंग अवलंबून ठेवायचे असेल, तर पाळी माहीत हवी. व्होल्टेजही वरखाली होते, तेव्हा तिथे चार्जर लावताना मध्ये स्टॅबिलायझर घाला. घराचा गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा असतो, दारात गाडी लावायची मुभा मिळाली तर तेच बरे.

उन्हाळ्यात उपकरणे बंद पडतात. उपाय?

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर हात ठेववत नाही. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो आणि शेवटी बंद पडतो. राऊटर टपाच्या पत्र्याला टेकवून बसवू नका. कपाटात खाली, जाळी आणि छोटा पंखा लावून ठेवा. गाडी कडुलिंबाखाली लावली तर माणसांना बरे, पण सोलर पॅनेलवर सावली पडते. एक पॅनेल सुटे ठेवून लांब वायरीने उन्हात मांडणे हा त्यातला चांगला मार्ग आहे. काम सकाळी सहा ते अकरात उरकावे, इथली शेतीही याच वेळेत चालते.

यात्रेच्या दिवसांत काय होते?

तुळजापूरचे नवरात्र आणि कोजागिरी, पैठणची नाथषष्ठी, औंढा नागनाथ आणि परळीची महाशिवरात्र, माळेगावची खंडोबाची यात्रा. या दिवसांत गावाच्या टॉवरवर नेहमीच्या कित्येक पट फोन येतात. दांड्या भरलेल्या, नेट ठप्प. पहाटे साडेतीन-चारला थोडे मोकळे होते. काम असेल तर दर्शन करून दहा-पंधरा किलोमीटर मागे येऊन मुक्काम करा. वाहतुकीच्या दृष्टीनेही मोठ्या गाडीला तेच सोपे पडते.

आंदोलनामुळे नेटबंदी झाली तर?

२०२३-२४ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात बीड आणि जालना भागात इंटरनेट काही काळ बंद ठेवले गेले होते. असा आदेश सर्वच कंपन्यांना लागू होतो, त्यामुळे सिम बदलून काही होत नाही. साधे कॉल आणि एसएमएस चालू असतात की नाही, ते आदेशावर अवलंबून असते. ऑफिसला फोन करून कळवा आणि जमले तर जिल्ह्याची हद्द ओलांडा.

घरचे एअरफायबर गाडीत नेता येते का? स्टेशनवरचे वायफाय?

एअरफायबर म्हणजे केबलऐवजी लहरींवर चालणारे घरगुती नेट. ते नोंदवलेल्या पत्त्यासाठी असते, गाडीसाठी नाही. रेल्वे स्टेशनांवर रेलटेलचे वायफाय असते, पहिली ३० मिनिटे फुकट. परभणी किंवा पूर्णा जंक्शनला तेवढ्यात ईमेल होते. बँकेचे व्यवहार मात्र सार्वजनिक वायफायवर करू नका.

नेट नसेल तेव्हासाठी आधी काय करून ठेवावे?

पुढच्या दोन-तीन जिल्ह्यांचे नकाशे ऑफलाईन उतरवून ठेवा. आरसी, विमा, लायसन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या आणि त्यांचे कागदही गाडीत ठेवा. किनवटच्या रस्त्यावर तपासणी झाली, तर अ‍ॅप उघडेलच असे नाही. यूपीआयसाठी *९९# डायल केले की डेटाशिवाय पैसे पाठवता येतात, त्याची नोंदणी आणि एक चाचणी आधीच करा. तरीही दोन-तीन हजार रुपये रोख, तेही सुट्टे, जवळ हवेत. ओटीपीचे सिम राऊटरमध्ये घालू नका, ते फोनमध्येच राहू द्या.

विजा चमकत असताना अँटेना वर असू दिली तर चालते का?

नाही. एप्रिल-मेच्या अवकाळीत आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. मोकळ्या माळावर उभी केलेली गाडी आणि तिच्यावरची अँटेनाची उंच काठी म्हणजे आसपासची सर्वांत उंच वस्तू. आभाळ भरून आले की आधी काठी खाली घ्या, अँटेनाच्या केबल राऊटरमधून काढा, बाहेरून घेतलेली लाईट बंद करा, मग दारे-खिडक्या लावून आत बसा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देते. त्याला नेट लागते, म्हणून आभाळ दाटायच्या आतच एकदा उघडून बघा.

आपल्या सिमला अजिबात रेंज नाही आणि कोणाला दुखापत झाली, तर?

११२ लावा. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी आसपास दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा असेल, तर हा कॉल त्यावरून जातो. फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसते, त्याचा अर्थ हाच. १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्रात चांगला चालतो, पण स्वतःच्या सिमला रेंज नसताना तो लागेलच असे नाही. कॉल लागला की ठिकाण सांगता आले पाहिजे. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर गावाचे, तालुक्याचे आणि जवळच्या फाट्याचे नाव एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. गाडीतल्या लहान मुलांनाही तो वाचून दाखवायला शिकवा.